मुका दोर : बंपरवरच्या विंचची पूर्वपीठिका

गेल्या जुलैतील गोष्ट. जुन्नर तालुक्यातील एका ओढ्याच्या उतारावर माझ्या मामेभावाची जुनी जीप मागच्या दोन्ही चाकांनी चिखलात बसली. पुढच्या बंपरला विजेवर चालणारा विंच नुकताच बसवलेला होता आणि तो वापरण्याची आम्हा दोघांचीही ती पहिलीच वेळ. आम्ही दोर सोडला, समोरच्या आंब्याच्या बुंध्याभोवती फिरवला, आकडा दोरालाच अडकवला आणि बटण दाबले. दोर ताठ झाला. फोटो काढण्यासाठी पलीकडच्या बाजूला जावे म्हणून मी त्या दोरावरून पाय टाकणार, तोच बांधावरून आवाज आला, "ए पोरी, ताणल्या दोरावरनं पाय टाकू नगंस!"

आवाज देणारे बाबा सत्तरी ओलांडलेले. लहानपणी ते वडिलांबरोबर मोट हाकीत. मी थोड्या आगाऊपणाने म्हटले, "बाबा, मोटकरी तर नाड्यावर बसायचे ना?" ते हसले. "बसायचो की. पन त्यो नाडा तुटायच्या आधी बोलायचा. ह्यो तुमचा दोर मुका हाय."

हा धागा त्या एका वाक्याचा पाठपुरावा आहे. धागा लांब आहे, सावकाश वाचा. नवशिक्याला विंचचे जे नियम सांगितले जातात, ते पुस्तिकेत छापील आज्ञांसारखे दिसतात. पण प्रत्येक नियमामागे एकच जुना प्रश्न उभा आहे : भार असह्य झाला की आधी काय तुटेल, आणि ते तुटण्यापूर्वी माणसाला कळेल कसे?

विंच म्हणजे मुळात रहाट. फिरणाऱ्या लाकडाभोवती दोर गुंडाळायचा, लांब दांड्याने ते लाकूड फिरवायचे आणि हाताच्या लहान बळाचे मोठ्या ओढीत रूपांतर करायचे. इ.स.पू. ४८० च्या मोहिमेत इराणचा सम्राट झर्क्सिस याने हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीवर नावांचे पूल बांधले. त्या पुलांचे दोर लाकडी रहाटांनी ताणल्याची नोंद हिरोडोटसने केली आहे. या रहाटाला त्याने वापरलेल्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ 'गाढव' असा आहे. आपण लाकडी तिवईला घोडी म्हणतो, त्यातलाच हा प्रकार; ओझे वाहणाऱ्या वस्तूला जनावराचे नाव देण्याची खोड सार्वत्रिक दिसते.

या हातरहाटाचे सर्वांत भव्य दर्शन १५८६ साली रोममध्ये घडले. सुमारे ३३० टनांचा इजिप्शियन ओबेलिस्क सेंट पीटरच्या चौकात हलवण्याचे काम दोमेनिको फोंताना या वास्तुविशारदाकडे आले. त्याने ४० उभे चरखे, सुमारे ९०० माणसे आणि ७५ घोडे कामाला लावले. माझ्या दृष्टीने यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट दोराची वा लाकडाची नाही, ती आवाजाची आहे. तुतारी वाजली की सर्वांनी फिरवायचे, घंटा वाजली की सर्वांनी थांबायचे, आणि बाकी कोणी बोलायचे नाही. एका खलाशाने ही शांतता मोडून 'दोरांवर पाणी टाका' असे ओरडून काम वाचवले, ही गोष्ट आपण ऐकली असेल. इतिहासकार तिला आख्यायिकाच मानतात. तथापि ती टिकून राहिली याला कारण आहे : तागासारख्या धाग्याचा दोर भिजला की आखडतो, हे दर्यावर्दी लोकांना ठाऊक होते.

केरळातील बेपूरचे मापिला खलाशी आजही अशाच उभ्या चरख्यांनी जहाजे पाण्यात उतरवतात. १९८८ साली पेरुमण येथे रेल्वेचे डबे अष्टमुडी सरोवरात कोसळले, तेव्हा ते काढण्यासाठी याच खलाशांना पाचारण करण्यात आले. फोंतानाची माणसे गप्प राहून काम करीत, हे एका सुरात आरोळी देत करतात. हेतू एकच, सर्वांची ओढ एकाच क्षणी लागावी आणि एकाच क्षणी थांबावी. विंच चालवताना खुणा करणारा माणूस एकच असावा, हा आजचा नियम या दोन्ही पद्धतींचा वारस आहे. आमच्या जीपभोवती त्या दिवशी पाच जण एकाच वेळी सूचना देत होते.

चरखा फिरवणाऱ्या माणसाला भार छातीला कळतो. ओढ वाढली की पाय घसरू लागतात, दांडा मागे रेटतो, दोर करकरतो. थांबावे हे सांगण्यास वेगळ्या उपकरणाची गरज नसते. पुढच्या दोन शतकांत बळाचा उगम माणसाच्या शरीराबाहेर गेला आणि त्याबरोबर ही जाणीवही गेली.

पहिला धक्का खाणीत बसला. जर्मनीतील हार्ट्स पर्वतात क्लाउस्टाल येथे चांदीच्या खोल खाणी होत्या. तागाचे दोर ओलाव्याने कुजत, म्हणून लोखंडी साखळ्या आल्या. साखळीचा दोष असा की ती मुकी असते. शंभर कड्या धडधाकट असोत, एकीत बारीक चीर असली की साखळी गेली, आणि ती जाण्यापूर्वी काहीही सांगत नाही. खाणीच्या विहिरीत याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको. तेथील खाण अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट याने साखळ्यांवर पुन्हा पुन्हा भार टाकून पाहण्याचे प्रयोग केले. एरवी सहज पेलणाऱ्या भाराने, केवळ तो असंख्य वेळा पडल्यामुळे, धातू तुटतो, हे त्याच्या ध्यानात आले. धातूच्या थकव्याविषयीचे हे अगदी आरंभीचे लेखन. ते १८३७ साली प्रसिद्ध झाले.

त्याआधीच, १८३४ साली, त्याने उपाय शोधला होता : साडेतीन मिलिमीटर जाडीच्या चार तारांचा एक पेड, असे तीन पेड पिळून केलेला दोर. आजच्या पोलादी दोराचा हा पूर्वज. आल्बर्टच्या दोराचे मोठेपण केवळ बळात नव्हते. बारा तारांपैकी एक तुटली तर तिचा भार उरलेल्या अकरा वाटून घेतात, आणि तुटलेल्या तारेचे टोक बाहेर डोकावते. साखळी जे लपवीत होती, ते दोर दाखवू लागला. म्हणूनच पोलादी दोराचा विंच असेल तर प्रत्येक वापरापूर्वी दोर पूर्ण उलगडून पाहावा, जाड चामड्याचे हातमोजे घालावेत, बाहेर आलेल्या तारा, चपटा झालेला भाग आणि विशेषतः गाठीसारखी पडलेली आढी शोधावी. आढी सरळ करता येते, पण तेथील तारांना झालेली इजा भरून येत नाही. असा दोर बदलावाच लागतो. आणि दोर हातातून सरकू देऊ नये, एक हात सोडून दुसऱ्याने धरीत जावे. तुटलेल्या तारेचे टोक मोज्यालाही भेदते.

आता दोर तयार होता, पण चरखा अजून जमिनीला खिळलेला होता. तो चाकांवर आणला इंग्लंडमधील एका क्वेकर तरुणाने. जॉन फाउलर, जन्म १८२६, मेल्कशॅम. दुष्काळाने होरपळलेल्या आयर्लंडमध्ये तो १८४९ साली गेला. ओलीने नासलेली जमीन त्याने तेथे पाहिली आणि निचऱ्याची सोय स्वस्तात करता आली तर ती पिकाखाली येईल, या विचाराने तो परतला. त्याने जमिनीखाली चर पाडणारा नांगर केला. तो ओढण्यासाठी आरंभी घोड्यांनी फिरवायचा चरखा होता, नंतर त्या जागी वाफ आली. निचऱ्याकडून तो नांगरणीकडे वळला. रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीने वाफेवरील किफायतशीर नांगरणीसाठी ठेवलेले ५०० पौंडांचे पारितोषिक १८५८ साली त्याने मिळवले.

फाउलरपुढचा पेच आपल्या चिखलातल्या जीपसारखाच होता, फक्त उलट दिशेने. वाफेचे इंजिन कित्येक टनांचे. ते नांगर ओढीत शेतात शिरले तर स्वतःच रुतणार आणि मातीही दाबून टाकणार. मग त्याने इंजिनाला शेतात नेलेच नाही. दोन इंजिने शेताच्या दोन बांधांवर उभी, प्रत्येकाच्या बॉयलरखाली आडवे फिरणारे मोठे ड्रम, मध्ये पोलादी दोर आणि त्या दोरावर झोके घेणारा दुतोंडी नांगर. एक इंजिन ओढते तेव्हा दुसरे दोर सोडते, मग पाळी बदलते. वाहन जागेवर राहते आणि दोर चालतो. वाहनावर बसवलेल्या विंचची कल्पना येथे पूर्ण झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

या इंजिनांचे दोन तपशील आजच्या नवशिक्याने लक्षात ठेवण्याजोगे आहेत. एक, ड्रमवर दोर एकाशेजारी एक नीट बसावा म्हणून फाउलरने स्वतंत्र यंत्रणा जोडली होती. वेडावाकडा गुंडाळलेला दोर पुढच्या ओढीत खालच्या वेढ्यांत घुसतो, अडकतो, चेंगरतो. बंपरवरच्या लहान विंचला अशी यंत्रणा सहसा नसते. तेथे ते काम माणसाचे. दुसरा, दोन्ही इंजिनचालक परस्परांपासून काहीशे यार्ड दूर असल्याने ते शिट्टीने बोलत. शिवाय वाफेचे इंजिन भाराखाली वेगळ्या ठेक्यात धापा टाकते. चालकाच्या छातीला भार कळत नव्हता, पण कानाला कळत होता.

अमेरिकन यादवी युद्धामुळे कापसाची जी तेजी आली, तिने मुंबईत पैशांचा पूर आणला आणि १८६५ मध्ये शेअरबाजार बुडवला, हे मराठी वाचकाला परिचित आहे. त्याच तेजीने फाउलरची यंत्रे इजिप्तला नेली. १८६३ च्या सुमारास गुरांच्या साथीने तेथील बैल मोठ्या संख्येने मेले होते, आणि हलीम पाशाच्या शेतांवर वाफेचे नांगर चालवण्यासाठी माक्स आइट हा जर्मन अभियंता नेमला गेला. इतिहासात एका जनावराच्या मृत्यूने एका यंत्राला वाट मिळते, अशी उदाहरणे अनेक आहेत. हे त्यांपैकी एक. फाउलर स्वतः हे फारसे पाहू शकला नाही. १८६४ साली शिकारीत घोड्यावरून पडून त्याचा हात मोडला, धनुर्वात झाला आणि तो वयाच्या ३८ व्या वर्षी वारला.

यानंतर मी सरळ दुसऱ्या महायुद्धावर येते, कारण आपल्या विंचचे जवळचे नाते सैन्याच्या ट्रकशी आहे. जनरल मोटर्सचा अडीच टनी सीसीकेडब्ल्यू ट्रक पाच लाखांहून अधिक संख्येने बनला आणि त्यातील काहींच्या पुढच्या बाजूस १०,००० पौंड ओढीचा विंच होता. तो वीजेवर नव्हे, ट्रकच्या इंजिनावरच चाले. गिअरबॉक्समधून निघालेला एक दांडा त्याला फिरवी. इंजिनाचे बळ अवाढव्य, चालक केबिनमध्ये बसलेला, दोर त्याच्या नजरेपुढे पण हातापासून दूर. येथे अभियंत्यांनी एक सुज्ञ गोष्ट केली. विंच फिरवणाऱ्या दांड्यात त्यांनी मुद्दाम कमजोर अशी एक खीळ ठेवली, शिअर पिन. भार मर्यादेबाहेर गेला की ती तुटते, विंच फिरायचा थांबतो आणि दोर वाचतो. करकरणाऱ्या नाड्याने जे सांगायचे, ते आता एक इंचभर धातू स्वतः मोडून सांगू लागला. खीळ वारंवार तुटते म्हणून तिच्या जागी कणखर बोल्ट ठोकण्याचा मोह मनुष्यस्वभावाला धरून आहे. तसे केले की पुढे तुटण्याजोगी वस्तू एकच उरते, ती म्हणजे दोर.

युद्ध संपले, जीपगाड्या भंगारभावात विकल्या गेल्या. मुंबईत माझगावला १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपची जुळणी सुरू झाली आणि पुढे मराठी खेड्यात 'जीप आली' याचा अर्थ साहेब आला किंवा निवडणूक आली, असा झाला. अमेरिकेत मात्र ती हौशी लोकांची गाडी बनली. १९४८ पासून जीपचे सुटे भाग करणाऱ्या आर्थर वॉर्नच्या कंपनीने १९५९ साली अशा हौशी वाहनांसाठी विजेवर चालणारा विंच आणला. गाडीच्या बॅटरीवर लहान मोटर, तिला अनेकपट ओढ देणारे गिअर आणि हातात बटण. नऊशे माणसांचे काम नव्हे, पण तीसचाळीस माणसांचे काम एका अंगठ्यावर आले. छाती गेली, कान बऱ्याच अंशी गेला, खीळही बहुधा गेली. बटण दाबण्यास लागणारे बळ दोर सैल असताना आणि तुटण्याच्या बेतात असताना सारखेच असते.

आपले नियम आहेत ते या हरवलेल्या संवेदनेची भरपाई म्हणून. त्यातल्या एकावर थोडे थांबते, कारण त्यामागचे गणित सुंदर आहे. दोर कितीही सोडला तरी ड्रमवर पोलादी दोराचे निदान पाच वेढे शिल्लक ठेवावेत, असे सांगतात. दोराचे टोक ड्रमला ज्या स्क्रूने वा खाचेने बांधलेले असते, ते पूर्ण भार पेलण्यासाठी नसतेच. भार पेलते ते वेढ्यांचे घर्षण. खलाशी धक्क्यावरच्या खुंटाला दोराचे तीनचार वेढे देऊन अख्खे गलबत हाताने धरून ठेवतो, ते याच बळावर. अठराव्या शतकात ऑयलरने हे घर्षण गणितात बसवले : वेढे वाढतात तशी पकड बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. घर्षणांक ०.१५ धरला तर एका वेढ्यात ओढ सुमारे अडीचपट कमी होते, पाच वेढ्यांनंतर तिचा शंभरावा भागच स्क्रूपर्यंत पोहोचतो. हल्ली कृत्रिम धाग्याचे जे हलके दोर येतात ते गुळगुळीत असतात. घर्षणांक निम्म्यावर आला की तेवढीच पकड येण्यास वेढे दुप्पट लागतात. म्हणून त्यांच्यासाठी दहा. संख्या मनाने ठरवलेल्या नाहीत.

ड्रमचा दुसरा परिणाम उलट दिशेचा आहे. विंचवर छापलेली ओढ ही ड्रमवर दोराचा एकच थर असतानाची. थर चढतात तसा ड्रम जाड होतो आणि ओढ दर थरामागे दहाएक टक्के किंवा अधिकच घटते. झाड जवळ असले की नवशिक्याला सोपे वाटते. प्रत्यक्षात दोर बराचसा ड्रमवरच राहिल्याने विंच दुबळा होतो. दूरचे झाड निवडावे, किंवा दोर उघडमिट होणाऱ्या कप्पीतून फिरवून परत गाडीच्या मजबूत जागी बांधावा : वेग निम्मा, ओढ जवळपास दुप्पट, आर्किमिडीजला ठाऊक असलेली युक्ती. विंच घेताना त्याची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट तरी असावी, असा संकेत आहे. चिखल चाकांना धरून ठेवतो, त्याचे वजन कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते.

कृत्रिम दोर म्हणजे ज्या धाग्याचे व्यापारी उत्पादन नेदरलँड्समध्ये १९९० साली सुरू झाले, तो. वजनाला पोलादाच्या अल्पांश, पाण्यावर तरंगणारा, आणि तुटला तरी पोलादी दोराइतक्या जोमाने झेप न घेणारा. मात्र उष्णता त्याला मानवत नाही. सुमारे १४५ अंशांना तो वितळतो, आणि अनेक विंचचा ब्रेक ड्रमच्या आतच तापतो. ऊन त्याला हळूहळू खाते, वाळूचे कण आतून कापतात. म्हणून तो वापरानंतर साध्या पाण्याने धुवावा, सावलीत वाळवावा, झाकून ठेवावा. बाबांनी मुका म्हटला तो हाच दोर. त्याची वाचा कानाने नव्हे, बोटांनी ऐकावी लागते : लव फार उठली, एखादा पेड कापला गेला, कुठे चकाकी येऊन कडक झाला, की समजावे.

त्या दिवशी आम्ही काय काय चुकत होतो, ते आता कळते. आकडा दोरालाच अडकवल्याने दोर जेथे सर्वांत आधी तुटेल असे वळण आम्ही स्वतः घडवले होते, आणि आंब्याची साल कापली जात होती ती वेगळीच. झाडाला रुंद पट्टा गुंडाळायचा, त्याची दोन्ही टोके शॅकलने जोडायची आणि आकडा तेथे लावायचा. पट्टा गाडीतच होता, न उघडलेल्या पाकिटात. बाबांच्या हाकेनंतर मामेभावाने दोर सैल केला, आम्ही सारे नव्याने बांधले. दोराच्या मध्यावर ओले पोते टाकले. दोर तुटलाच तर त्याची झेप पोत्याच्या ओझ्याने खाली यावी म्हणून. बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट मागे हटवले. खुणा फक्त मी करायच्या असे ठरले. इंजिन चालू ठेवले, नाहीतर बॅटरी मधेच मान टाकते. थोडे ओढायचे, थांबायचे, मोटर हाताला फार गरम लागते का ते पाहायचे, पुन्हा ओढायचे. पहिल्या खेपेला एक मिनिटात उरकू पाहत होतो, त्याला आता पाऊण तास लागला. जीप निघाली.

नंतरचे काम कंटाळवाणे असते आणि म्हणूनच बहुतेक जण टाळतात. दोर पुन्हा सगळा सोडला, चिखल पुसला आणि सपाट जागी जीपलाच हलक्या भाराने ओढायला लावून ताणासह गुंडाळला. सैल गुंडाळला तर फाउलरच्या यंत्रणेने जे टाळले होते तेच पुढच्या वेळी ओढवते. शेवटचा हातभर दोर गुंडाळताना बोटे तोंडाजवळ जाऊ नयेत म्हणून आकड्याला बांधलेला छोटा पट्टा धरायचा असतो. घरी आल्यावर बॅटरीची जोडटोके घासली आणि कॅलेंडरवर महिन्यातून एकदा विंच फिरवण्याची खूण केली, कारण पडून राहिलेल्या विंचमध्ये ओल शिरते आणि गंज धरतो.

निघण्यापूर्वी बाबांनी दोराचे टोक मागून घेतले. अंगठा आणि तर्जनी यांत धरून हातभर सरकवले, नाकाशी नेले, पेड उलगडून पाहिले. "हलका हाय," एवढेच म्हणाले. मग त्यांच्या गोठ्याच्या आढ्याला अजून टांगलेला जुना नाडा दाखवायला ते आम्हाला घेऊन गेले. त्या नाड्याचे फोटो आणि मोटेविषयी त्यांच्याकडून टिपून घेतलेले शब्द पुढच्या धाग्यात देते.